सात मात्रा, सोळा पायऱ्या

आज दुपारभर कूलरसमोर बसून सिक्वेन्सरला (सूर पायरी-पायरीने आपोआप वाजवून घेणारं यंत्र) दोन सिंथ (विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) आणि एक डिले (प्रतिध्वनी देणारं यंत्र) जोडत होतो. नागपूरचा मे महिना, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, त्यामुळे वेळच वेळ.

पहिले दोन तास वाया. सिक्वेन्सरचे दिवे पळतायत, पण दुसरा सिंथ मुका. चॅनल तपासला, केबल बदलली, काहीच नाही. मग लक्षात आलं, मिडीच्या, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या जोडणीच्या, साडेतीन मिलिमीटर जॅकची वायरिंग दोन प्रकारची असते, ए आणि बी. बर्डीवरून आणलेला अडॅप्टर नेमका उलटा. घरातला जुना अडॅप्टर शोधून लावला आणि आवाज आला! अंगावर काटाच आला.

मग खरी मजा. बास १४ पायऱ्यांचा ठेवला, म्हणजे रूपक तालाच्या सात मात्रा, दोन पायऱ्यांना एक मात्रा. वरची धून १६ची. दोन्ही एकत्र सुटतात, लगेच फाटे फुटतात आणि बरोबर ११२ पायऱ्यांनी पुन्हा एकत्र येतात. टेम्पो मिनिटाला १२० ठोक्यांचा होता (ठोक्याला चार पायऱ्या), डिले ३७५ मिलिसेकंदांवर, म्हणजे प्रतिध्वनी तीन-तीन पायऱ्यांनी पडतो आणि मधल्या रिकाम्या जागा भरतो.

आई चहा घेऊन आली, दारातच थांबली. "रूपक आहे ना? मग समेवर एवढा जोर कशाला? तिथे खाली असते बाळा." तिचं खरंच होतं, रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्राच, खाली असते, म्हणजे टाळीविना. पहिली पायरी बंद केली, बासचा ठोका सातव्या आणि अकराव्या पायरीवर नेला, म्हणजे टाळीच्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर.

चहा गार झाला. आई अजून इथेच बसलीये, बोटांवर मात्रा मोजत.