‘आवाज आढळला नाही’ : रिव्हर्स गिअरच्या खरखरीमागे माझे दोन महिने

माझ्याकडे सर्व्हिस सेंटरची तीन जॉब कार्डं आहेत, म्हणजे तक्रार आणि काम लिहितात ते कागद. तिन्हींवर तेच वाक्य : ‘आवाज आढळला नाही.’

गाडी 2015 ची, डिझेल हॅचबॅक, 82 हजार किलोमीटर चाललेली. मी कोल्हापुरात नोकरीला, माहेर कणकवलीजवळ. महिन्यातून एकदा राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट हा रस्ता ठरलेला. जूनमध्ये असाच घाट उतरून घरी पोचले, खळ्यात गाडी वळवायला रिव्हर्स टाकला आणि खर्रर्र करून दातावर दात घासले. बाबा ओटीवरून उठून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एकदम शांत. कोल्हापुरात मात्र संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास चालली की रिव्हर्सला खरखर, आणि सिग्नलवर पहिला गिअर अडून बसायचा.

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा गेले तेव्हाच सांगितलं होतं, गाडी तापल्यावरच आवाज येतो. कार्डावर तक्रार म्हणून लिहिलं गेलं फक्त ‘गिअर हार्ड’. गाडी सकाळी नऊला घेतली, तीनपर्यंत उभी ठेवली, मग कुणीतरी गार इंजिनावर आवारातच एक फेरी मारली. आवाज येणार कुठून?

दुसऱ्यांदा ॲडव्हायझर म्हणाले, “मॅडम, तुम्ही क्लच पूर्ण दाबत नसाल.” चौदा वर्षं गाडी चालवतेय, फोंडा घाट भर पावसात रात्रीचा उतरलेय. ते वाक्य मला अजून सहन होत नाही, कारण त्यानंतर तपासणं थांबतं. दोष गाडीत नाही, बाईत आहे, असं ठरलं की बॉनेट कोण उघडणार? त्या दिवशी बिलात एक ओळ होती, ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’. मी पैसे भरले आणि निघाले.

तिसऱ्यांदा म्हटलं, मी शेजारी बसते, गर्दीतून अर्धा तास फिरवा. ग्राहकाला ट्रायलला नेता येत नाही, असं उत्तर मिळालं. चार तास त्या काचेच्या खोलीत बसून राहिले, आणि तिसरं कार्ड हातात पडलं.

चौथ्या खेपेला, आवाज एकदाही न ऐकता, त्यांनी एस्टिमेट दिलं : गिअरबॉक्स खाली घ्यायचा, क्लच सेट बदलायचा, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) बदलायच्या, 41,500 रुपये. मी विचारलं, कुठल्या गिअरची रिंग गेलीय? “उघडल्यावर कळेल.” मी किल्ली परत मागितली.

कॉलेजातल्या शिपाईमामांनी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी पहिल्यांदा मला परतच धाडलं. “ताई, गार गाडीत काय कळतंय? रंकाळ्याला दोन चकरा मारून या.” पाऊण तासाने तापलेली गाडी घेऊन गेले. मग त्यांनी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघितले, लोण्यासारखे पडले. इंजिन चालू करून क्लच दाबला, मनात पाच आकडे मोजले, रिव्हर्स टाकला : खर्रर्र. मग क्लचचा पेडल भराभर दोनदा मारून पुन्हा टाकला, तर आवाज नाही. एवढं झाल्यावर विचारलं, “तेल कमी होतंय का?”

मला ते बिल आठवलं. आमच्या गाडीत ब्रेक आणि क्लचला तेलाचा डबा एकच. ते तेल गाडीत जळून जात नाही. पातळी एकदम उतरली तर ते कुठेतरी गळतंय. सर्व्हिस सेंटरने डबा भरला, पैसे घेतले, पण आधीचं तेल गेलं कुठे हे कुणीच विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या भागाचा, रबरी बूट सरकवला. आत तेलाने ओलंचिंब.

सीलमधून तेल निसटत होतं, म्हणून क्लच पूर्ण सुटत नव्हता. पेडल दाबला तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाबरोबर थोडा फिरत राहायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे पहिली ओरड तिथे होते. पुढच्या गिअरांना सिंक्रो रिंग वेग जुळवून देते, पण ती बिचारी रोज झिजते. आणखी सहा महिने तशीच चालवली असती तर ते 41,500 कदाचित खरे झाले असते.

नवा स्लेव्ह सिलिंडर, नवं तेल, तेलाच्या नळीत अडकलेली हवा (एअर) काढणं, मजुरी धरून 2,350 रुपये. दीड तास. जुना सुटा भाग मी मागून घेतला, तुम्हीही घ्या.

तुमच्याही गाडीत असं होत असेल, तर आवाज एकाच गिअरला येतो की सगळ्यांना, हे आधी बघा. चालत्या गाडीत फक्त दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला खरखर असेल, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रोवर. अशा वेळी न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, मग गिअर टाका. खालच्या गिअरवर येताना मधे थोडी रेसही द्या. आवाज गेला तर संशय पक्का. उभ्या गाडीत माझ्यासारखा रिव्हर्सला आणि पहिल्याला, किंवा सगळ्याच गिअरांना त्रास असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी क्लच तपासून घ्या. तेलाऐवजी केबलवाला क्लच असेल तर केबल आणि तिची ॲडजस्टमेंट. गिअर ऑइल बदलणार असाल, तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड टाका. जीएल-4 सांगितलेल्या ठिकाणी जीएल-5 घातलं तर काही तेलांमधले रासायनिक घटक सिंक्रोच्या पितळी रिंगा खातात.

आणि जॉब कार्डावर सही करण्याआधी तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा, ‘अर्धा तास चालवल्यावर’ हे शब्द असलेच पाहिजेत. फोनवर आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा. मी तो पहिल्याच आठवड्यात काढायला हवा होता.

एक सांगायचं राहिलं. एअर काढताना ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. मिस्त्रींनी फेंडरवर आधीच ओलं फडकं टाकलं होतं.