खाण्याच्या तुर्की नावांचं शेपूट

मराठीत पदार्थाचं नाव जुळवताना सगळा खटाटोप पहिल्या शब्दाला करावा लागतो. तांदूळ आधी ‘तांदळा’ होतो, मग त्याला ‘ची’ लागते, आणि भाकरी मात्र आपली जशीच्या तशी. फणसाची भाजी, नारळाचा रस, सुंगटांचं हुमण: गोव्यात मराठी बोला नाहीतर कोकणी, पद्धत हीच. पोर्तुगीजांनी इथल्या स्वयंपाकघरात ठेवून दिलेल्या नावांत क्रम उलटा असतो. ‘दोस द ग्रांव’मध्ये आधी गोड पदार्थ, मग ‘चा’चं काम करणारा ‘द’ आणि शेवटी हरभरा.

तुर्की भाषा क्रम आपलाच ठेवते, आधी घटक आणि मग पदार्थ. पण पहिल्या शब्दाला ती हात लावत नाही, शेपूट लावते ते दुसऱ्याला. मसूर म्हणजे ‘मेर्जिमेक’, सूप म्हणजे ‘चोर्बा’, आणि मसुराचं सूप ‘मेर्जिमेक चोर्बासऽ’. त्या ‘सऽ’चा मूळ अर्थ ‘त्याचं’. म्हणजे ‘मसूर, त्याचं सूप’ अशी ती बांधणी. तुर्की व्याकरणात या जोडीला ‘बेलिर्तिसिझ इसिम ताम्लामासऽ’ म्हणतात, आणि गंमत अशी की हे नावही त्याच नियमानं शेपूट लावून बनलं आहे.

पुढे जाण्याआधी उच्चारांचं थोडं. तुर्कीत आठ स्वर आहेत. त्यातला एक टिंब नसलेल्या ‘आय’चा: जीभ मागे ओढून, ओठ न गोलावता काढलेला, आपल्या ‘अ’च्या आसपासचा. तो इथे ‘ऽ’ने दाखवला आहे. ओठ गोल करून ‘इ’ म्हटली की जो स्वर निघतो तो ‘यु’ने लिहिला आहे. त्याच तऱ्हेनं ओठ गोलावून म्हटलेला ‘ए’ इथे नुसता ‘ओ’ लिहिला आहे. ‘बोरेक’मधला ‘ओ’ तसला. ‘च’ नेहमी चहातला, चमच्यातला कधीच नाही.

शेपटाची रूपं चार आणि कुठलं लागायचं ते ज्या शब्दाला शेपूट लागतं त्यातला शेवटचा स्वर ठरवतो. ‘आ’ किंवा ‘ऽ’ असेल तर ‘ऽ’, ‘ए’ किंवा ‘इ’ असेल तर ‘इ’, ‘ओ’ किंवा ‘उ’ असेल तर ‘उ’, आणि ओठ गोलावून म्हटलेले ते ‘इ’ आणि ‘ए’ असतील तर ‘यु’. म्हणून पिलाव → ‘बुल्गुर पिलावऽ’ (उकडून भरडलेल्या गव्हाचा), मुरंबा म्हणजे रेचेल → ‘ग्युल रेचेली’ (गुलाबाचा), दूध म्हणजे स्युत → ‘केची स्युत्यू’ (शेळीचं). शब्द स्वरानं संपत असेल तर मध्ये ‘स’ येतो: काहवे → ‘त्युर्क काहवेसी’, लोणचं म्हणजे तुर्शू → ‘लाहाना तुर्शुसू’ (कोबीचं). पाण्याचा शब्द ‘सू’ तेवढा आडमुठा. त्याचं ‘सुसू’ होत नाही, ‘सुयू’ होतं. संत्र्याचा रस मागायचा तर ‘पोर्ताकाल सुयू’.

शब्दकोशात अडायला होतं ते व्यंजनांपाशी. शेपूट लागलं की शेवटचा ‘क’ बहुधा विरघळतो आणि ‘प’चा ‘ब’ होतो. बोरेक → ‘बोरेइ’, एक्मेक → ‘मऽसऽर एक्मेइ’ (मक्याचा पाव), केबाप → ‘केबाबऽ’. मेनूवर ‘बोरेइ’ वाचून तोच शब्द कोशात शोधला तर सापडत नाही. शेपूट काढायचं, ‘क’ परत जोडायचा आणि मग पान उघडायचं. एका उच्चारात संपणारे छोटे शब्द मात्र बरेचदा बदलत नाहीत. मांस म्हणजे ‘एत’, वासराचं मांस ‘दाना एती’. तिथे ‘त’चा ‘द’ होत नाही.

मराठी माणसाची हमखास चूक वेगळीच असते. ‘मसुराचं’ डोक्यात असतं, म्हणून तो पहिल्या शब्दालाही षष्ठी लावून ‘मेर्जिमेइन चोर्बासऽ’ म्हणतो. व्याकरण चुकत नाही, अर्थ बदलतो. षष्ठी लागली की ती वस्तू ठरावीक होते: ‘त्या मसुरांचं सूप’. ‘चोबान सालातासऽ’ हा टोमॅटो-काकडी-कांद्याचा सालाताचा प्रकार, धनगराच्या नावाचा. ‘चोबानऽन सालातासऽ’ म्हटलं तर एका विशिष्ट धनगराच्या ताटातलं सालाता, आणि ते तुम्ही का मागताय असा प्रश्न वेटरला पडेल. मराठीतली एकच ‘ची’ ही दोन्ही कामं निमूट करते, त्यामुळे हा भेद आपल्या कानाला चटकन जाणवत नाही.

शेपटावरून जोडीचा प्रकार कळतो, नातं कळत नाही. हे बोरेकच्या कुटुंबात सर्वांत छान दिसतं. बोरेक म्हणजे पातळ लाट्यांचे थर देऊन, आत काहीतरी भरून केलेला पदार्थ. ‘सू बोरेइ’ म्हणजे पाण्याचा बोरेक, कारण लाट्या भाजण्याआधी पाण्यात उकडतात. ‘सिगारा बोरेइ’ला ते नाव सिगारेटसारख्या गुंडाळीमुळे. ‘कोल बोरेइ’ हातासारखा लांबलचक. ‘लाझ बोरेइ’ काळ्या समुद्राकाठच्या लाझ लोकांचा आणि चक्क गोड, आत दुधाची खीर घट्ट केल्यासारखं सारण. एका शेपटाखाली कृती, आकार आणि माणसं सगळी नांदतात.

मग आत चीज आहे की खिमा, हे कसं सांगायचं? त्यासाठी दुसरा प्रत्यय आहे, ‘ली’, आणि तो पहिल्या शब्दाला लागतो. ‘पेय्निर्ली बोरेक’ चीज घातलेला, ‘कऽयमालऽ बोरेक’ खिमा घातलेला. या वेळी बोरेकला शेपूट नाही, कारण ‘पेय्निर्ली’ हे विशेषण झालं. दोन्ही एकत्रही येतात: ‘पेय्निर्ली सिगारा बोरेइ’. आधी काय घातलंय, मग कुठला प्रकार, आणि शेपूट शेवटच्या शब्दाला एकदाच. भाताचंही तसंच. ‘बुल्गुर पिलावऽ’ बुल्गुरचाच बनतो. ‘नोहुतलू पिलाव’ म्हणजे भातात छोले आहेत. मराठीत ‘तांदळाची भाकरी’ आणि ‘मेथी घातलेली भाकरी’ यांत जो फरक आहे, तोच.

साधं विशेषण असेल तर शेपूट लागत नाही हे आता सांगायला नको. वाळके घेवडे ‘कुरू फासुल्ये’, आणि ‘कुरू फासुल्येसी’ म्हणणारा परका लगेच ओळखू येतो.

जोडीवर जोडी चढवायची झाली तर? इथे नारळ मदतीला येतो. तुर्कीत नारळाला ‘हिंदिस्तान जेविझी’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा अक्रोड. जेविझ अधिक शेपूट. (जायफळाचं एक नाव ‘क्युच्युक हिंदिस्तान जेविझी’ आहे, छोटा नारळ. काय म्हणावं!) नारळाचा रस म्हणायचा तर अख्खी जोडी पहिल्या जागी बसते आणि दुधाला नवीन शेपूट येतं: ‘हिंदिस्तान जेविझी स्युत्यू’. जुनं शेपूट तसंच राहतं. पण ‘ली’ लागला की जुनं शेपूट गळून पडतं: नारळाचा केक ‘हिंदिस्तान जेविझ्ली केक’. ऑलिव्ह तेलाचंही असंच, ‘झेयतिनयाऽ’चं ‘झेयतिनयाऽलऽ’ होतं. आणि हा नियम पाठ झाला असं वाटतं तेवढ्यात ‘कुशबाशऽ’ समोर येतं. मांसाच्या बारीक चौकोनी तुकड्यांना ‘पक्ष्याचं डोकं’ म्हणतात, आणि ते घातलेल्या पिदेला, म्हणजे वर काहीतरी पसरून भाजलेल्या चपट्या पावाला, ‘कुशबाशऽलऽ पिदे’. इथे शेपूट जागचं हलत नाही. ती जोडी बोलणाऱ्यांच्या डोक्यात आता जोडी उरलेली नाही, एकच शब्द झाली आहे, असं याचं कारण मला पटतं.

काही नावांना शेपूटच नसतं. इस्तंबूलच्या एमिन्योन्यूच्या धक्क्यावर मिळतं ते ‘बालऽक एक्मेक’, मासा आणि पाव. हा आपला भाजीपाव: दोन वस्तू शेजारी ठेवल्या, कोणी कोणाची नाही. ‘एक्मेइ’ म्हटलं तर तो माशाचा पाव होईल. दोनेर म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं मांस. ‘तावुक दोनेर’ (कोंबडीचा), ‘एत दोनेर’ (मांसाचा) यांतही शेपूट लावत नाहीत. आदाना शहराच्या नावाचा कबाब मात्र ‘आदाना केबाप’ आणि ‘आदाना केबाबऽ’ असा दोन्ही तऱ्हांनी वाचायला मिळतो. पाट्यांवर शेपूट गाळायची सवय आहे. व्याकरणवाल्यांना ती खुपते, पण कबाब त्यामुळे बदलत नाही.

वांग्याच्या दोन पदार्थांची नावं तर वेगळ्याच वळणाची. ‘कार्नऽयारऽक’मध्ये ‘कारऽन’ म्हणजे पोट, त्याला शेपूट लागून ‘कार्नऽ’, आणि ‘यारऽक’ म्हणजे चिरलेलं. शेपूट इथे पहिल्या शब्दाला लागलंय, कारण हा शाळेत शिकलेला बहुव्रीही आहे: ज्याचं पोट चिरलं आहे असं ते. आत खिमा असतो. त्याचा बिनमांसाचा, तेलात शिजवलेला भाऊ ‘इमाम बायऽल्दऽ’, आणि हे तर सबंध वाक्यच: इमामाला भोवळ आली. क्रियापद भूतकाळात, कर्ता समोर, आणि तरी मेनूवर ते नाम म्हणून बसतं.

सोमवार पाळणाऱ्यांनी गोडाच्या पानावर एका नावाकडे नीट पाहावं. ‘तावुक गोऽस्यू’ म्हणजे कोंबडीची छाती, आणि ती खरोखरच असते: धाग्यांइतके बारीक केलेले तंतू दुधात घोटून केलेला गोड पदार्थ. ‘गोयुस’चा मधला स्वर शेपूट लागताच गळतो, म्हणून तो शब्द पटकन ओळखू येत नाही. त्याच दुधाचा तळ करपवून केलेलं ‘कझानदिबी’ आता पुष्कळदा कोंबडीशिवाय करतात, पण विचारलेलं बरं. पदार्थाच्या नावाआधी ‘यालांजऽ’, म्हणजे खोटारडा, लिहिलं असेल तर निर्धास्त घ्यावं: दोल्मा म्हणजे भरलेली भाजी, आणि ‘यालांजऽ दोल्मा’त मांस नसतं, भात असतो.

सूप मागवतानाही विचारावं, कारण मसुराचं सूप मांसाच्या पाण्यात करायची पद्धत आहे. ‘-त’ या अर्थाचा ‘दा’ शेपटाला थेट चिकटत नाही, मध्ये ‘न’ लागतो. तो विसरला तर वाक्य कळतं, पण कानाला खडा लागतो. प्रश्न असा: ‘मेर्जिमेक चोर्बासऽन्दा एत सुयू वार मऽ?’ उत्तरात ‘वार’ आलं तर आहे, ‘योक’ आलं तर नाही.