दोन सहगुणकांवरून म आणि न: द्विपद विस्ताराच्या सरावाची सध्याची मजल

सध्या हातात एकाच जातीची गणितं आहेत: (१ + मक्ष)^न या विस्ताराची सुरुवातीची पदं दिलेली, त्यांवरून म आणि न हे स्थिरांक शोधायचे. आतापर्यंत प्रत्येक गणित नव्यानं मांडत होतो. आता त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एकच राशी हाती लागली आहे.

नेहमीचा नमुना घेऊ. विस्तार सुरू होतो १ + १२क्ष + ६०क्ष^२ असा. म्हणजे नम = १२ आणि न(न − १)म^२ / २ = ६०. इथे बहुतेक जण म = १२/न घालून पुढे जातात आणि अपूर्णांकांत अडकतात. त्यापेक्षा दुसऱ्या समीकरणाची दुप्पट करून कंस सोडवा: (नम)^२ − (नम)म = १२०. नम तर माहीतच आहे, म्हणून १४४ − १२म = १२०. म = २, न = ६. दोन ओळींत काम झालं.

पडताळा घ्यायला भास्कराचार्य मदतीला येतात. ११५० च्या ‘लीलावती’त सहा रसांपैकी (चवींपैकी) एक, दोन, तीन … असे सहापर्यंत घेतले तर प्रत्येक वेळी किती मिश्रणं होतील असं विचारलं आहे, आणि उत्तर ६, १५, २०, १५, ६, १. हेच (१ + क्ष)^६ चे सहगुणक. त्यांना २, ४, ८ नं गुणत गेलं की १२, ६०, १६० मिळतात. मला हा पडताळा फार आवडतो.

आता सर्वसाधारण रूप. क्ष चा सहगुणक प, क्ष^२ चा फ धरा. मग
म = (प^२ − २फ) / प
न = प^२ / (प^२ − २फ)

सगळी मेख प^२ − २फ मध्ये आहे. गणित सोडवण्याआधीच ती न बद्दल सांगून टाकते. ती धन असेल तर न धन, ऋण असेल तर न ऋण. उदाहरणार्थ १ − ६क्ष + २७क्ष^२ … इथे ३६ − ५४ = −१८, म्हणून न = −२, म = ३. हा विस्तार कधीच संपत नाही, आणि क्ष −१/३ व १/३ यांच्या दरम्यान असेल तरच तो चालतो. उत्तराशेजारी ही अट लिहायलाच हवी. १ + २क्ष − २क्ष^२ … दिलं तर राशी ८ येते, न = १/२, म = ४: म्हणजे १ + ४क्ष चं वर्गमूळ. ऋण आणि अपूर्णांकी घातांकांपर्यंत हा विस्तार न्यूटननं १६६५ च्या सुमारास नेला.

सगळ्यात जास्त रमलो ते राशी शून्य होते तिथे. १ + ४क्ष + ८क्ष^२ घ्या: १६ − १६ = ०. म नाही, न नाही. पण ८ च्या जागी ७.९२ ठेवलं की न = १००, म = ०.०४. ७.९९२ ठेवलं की न = १०००, म = ०.००४. फ आठाच्या जवळ सरकतो तसा न वाढतच जातो, म शून्याकडे जातो, गुणाकार मात्र ४ वरून हलत नाही. म्हणजे ही e (सुमारे २.७१८ हा स्थिरांक) च्या घातांकी श्रेणीचीच, e^(४क्ष) च्या विस्ताराचीच, वाट. पुढचा सहगुणक ६४/६ कडे, म्हणजे ३२/३ कडे जातो. कागदावर स्वतः आकडे घालून हे बघाच.

आता लागोपाठच्या तीन सहगुणकांच्या गुणोत्तरावरून न काढायला घेतलं आहे. (१ + क्ष)^न मध्ये गुणोत्तर १ : २ : ३ दिलं, तर क्ष^र च्या सहगुणकाशी त्याच्या पुढच्या सहगुणकाचं गुणोत्तर (न − र) / (र + १) हे सूत्र दोनदा वापरून (तिघांतला पहिला सहगुणक क्ष^र चा) र = ४, न = १४ येतं. ते सहगुणक आहेत १००१, २००२, ३००३. यानंतर कोणकोणत्या गुणोत्तरांना न पूर्णांक मिळतो, ते तपासायचं आहे. १ : ३ : ५ पासून सुरुवात करतोय.