लालिबेला: राजाची समाधी बायकांना बंद, आणि एका खेचराचे पाचशे बिर

लालिबेला हे इथिओपियातलं गाव, कातळात कोरलेल्या चर्चसाठी प्रसिद्ध, आणि नाव तिथल्याच एका जुन्या राजाचं. आधी तिकीट, कारण राग तिथूनच सुरू होतो. परदेशी माणसाला २०२० मध्ये ५० डॉलर, आमच्या वेळच्या हिशोबाने साडेतीन हजार रुपये. त्यात गावातली अकराही चर्च येतात. खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट पाहिला, नाव उतरवून घेतलं, पावती फाडली. ज्या राजासाठी मी दोन महिने वाचून आले होते, त्याची समाधी जिथे आहे तिथे बायकांना सोडत नाहीत, एवढं मात्र तो बोलला नाही. ज्या एजंटाकडून बुकिंग केलं त्याने तर 'सगळी चर्च कव्हर्ड, मॅडम' असं दोनदा सांगितलं होतं. नवऱ्याचे ५० डॉलर, माझेही ५० डॉलर.

तेव्हा बायांनो, नाव लिहून ठेवा: बेत गोलगोथा. (बेत म्हणजे घर.) खेटूनच बेत मिकाएल आहे, तिथवर जाता येतं. तिथून आत एक दार आहे. दारात पुजारी उभा असतो आणि तोंडाने काही न बोलता नुसता हात हलवतो.

दुसरी गोष्ट एकदाच सांगते. आम्ही गेलो जानेवारी २०२० मध्ये. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये हेच गाव शेजारच्या तिग्राई प्रांताच्या फौजांच्या हाती गेलं, आणि ऑगस्ट २०२३ पासून हे गाव ज्या अम्हारा प्रांतात आहे तिथे सरकारी लष्कर आणि फानो या स्थानिक सशस्त्र गटांत लढाई पेटली. ताज्या बातम्या आणि आपल्या दूतावासाची सूचना पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. खालचं सगळं शांततेच्या दिवसांतलं आहे, आणि दर तेव्हाचे. त्यानंतर ते वाढलेत.

आता राजा. गेब्रे मेस्केल लालिबेला, झाग्वे घराण्यातला, राज्यकाळ साधारण ११८१ ते १२२१. जन्मला तेव्हा पाळण्याभोवती मधमाश्यांचं मोहोळ जमलं आणि आईने ओळखलं की हा गादीवर बसणार. नावाचा अर्थही 'मधमाश्यांनी याचं राज्य ओळखलं' असाच सांगतात. गादीवर भाऊ होता, हार्बाय. घरातल्याच माणसाने विष घातलं, लालिबेला तीन दिवस निपचित पडला. त्या तीन दिवसांत देवदूतांनी त्याला स्वर्गात नेऊन कातळातली देवळं दाखवली आणि खाली जाऊन अशीच कोर म्हणून परत पाठवलं. भावाने गादी सोडली. मग दिवसा माणसं खोदायची आणि रात्री देवदूत, सकाळी बघावं तर काम दुप्पट झालेलं. हे सगळं ज्या पोथीत आहे ती त्याच्यामागे दोनेकशे वर्षांनी, पंधराव्या शतकात लिहिलेली. आमचा गाइड मात्र काल घडल्यासारखं सांगत होता.

नवरा म्हणाला, "आपल्याकडे कोकस, यांच्याकडे देवदूत." वेरूळची गोष्ट आठवत असेलच: कैलासाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नवस, आणि म्हणून कोकस कारागिराने वरून खाली खोदायला घेतलेलं लेणं. इथेही तेच, चारी बाजूंनी चर पाडून मधला ठोकळा सुटा करायचा आणि कळसाकडून पायाकडे उतरायचं. फक्त कातळ लालसर, सच्छिद्र; आपल्या काळ्या पाषाणाहून मऊ.

उत्खनन करणाऱ्यांचं मत वेगळं आहे आणि मला तेच पटतं. अकराही चर्च एका राजाच्या हयातीतली नाहीत. बेत मेर्कोरिओस आणि बेत गब्रिएल-रुफाएल हे आधी गढी किंवा वाडा असावेत. खंदक, अरुंद पूल, वाकडेतिकडे दरवाजे पाहिले की आपल्या किल्ले फिरलेल्या डोळ्यांना ते लगेच कळतं. मागाहून त्यांची देवळं झाली. पण राजा भाविक होता हे पोथीवर सोडायला नको. त्याचं नाव कोरलेल्या लाकडी वेदी यातल्या काही चर्चमध्ये अजून आहेत. ११८७ मध्ये मुसलमान सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं. तिकडची वाट अवघड झाली म्हणून यानं इथेच जेरुसलेम उभारलं असं सांगतात. ओढ्याचं नाव योर्दानोस, म्हणजे जॉर्डन नदी; चर्चचं नाव गोलगोथा, म्हणजे येशूला क्रुसावर चढवलं ती जागा. पुढे १२७० मध्ये येकुनो आमलाकने झाग्वे बुडवले. नवं घराणं स्वतःला बायबलातल्या सॉलोमन राजाचे वंशज म्हणवायचं आणि यांना बळकावणारे म्हणायचं. गादी गेली, पण लालिबेलाचं संतपद कुणी काढलं नाही. गेन्ना, म्हणजे त्यांचा ७ जानेवारीचा नाताळ, तोच याचाही जन्मदिवस म्हणून गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यात खोलीचे भाव विचारू नका. आम्ही मुद्दाम नंतर गेलो.

तर गोलगोथा. मी बेत मिकाएलमध्ये उभी, नवरा आत. सात-आठ मिनिटांनी आला.

"काय आहे?"

"अंधार आहे गं. भिंतीत माणसाएवढे संत कोरलेत. पडदा आहे. गालिचा आहे."

"आणि समाधी?"

"तिथेच खाली म्हणाला तो."

एवढंच. ३,५०० रुपये आणि 'गालिचा आहे'. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये बायकांना खुला झाला तेव्हा मी पेढे वाटले नव्हते, मला त्या देवाचं फारसं काही नाही. पण त्या दारात उभी राहिल्यावर तिथल्या बायकांचं म्हणणं काय होतं ते पायापासून कळलं.

पायांवरून पिसवा. आत बूट काढावे लागतात, आणि जमिनीवर वर्षानुवर्षांचे गालिचे अंथरलेले असतात. पहिल्या रात्री घोट्याभोवती चावे मोजले, डाव्या पायाला अकरा, चर्चला एक. जाड लांब मोजे, त्यात पँटची टोकं खोचलेली, मोज्यांवर घरूनच कीटकनाशक फवारलेलं, हे करा. लेसचे बूट नकोत, दिवसातून वीसदा काढता. बूट राखणारा माणूस सोबत येतो, त्याचे पैसे सकाळीच ठरवा.

गब्रिएल-रुफाएलकडून मेर्कोरिओसकडे जाताना तीस-पस्तीस मीटरचं भुयार लागतं. त्याला नरक म्हणतात आणि बॅटरी न लावता उजवा हात भिंतीला धरून जायचं असतं. डोकं सांभाळा. मला मजा आली.

आता अशेतन मरियम, ज्यासाठी मी हा वृत्तांत लिहायला घेतला.

गाव अडीच हजार मीटरवर आहे. कळसूबाई १६४६. म्हणजे झोपायचंच कळसूबाईच्या दीडपट उंचीवर, आणि हा मठ गावाच्या डोक्यावर, तीन हजारांच्याही वर. काम लालिबेलाने सुरू केलं आणि पुतण्या नाअकुतो लाअबने पुरं केलं असं सांगतात. एजंट म्हणाला दीड तास, सोपी वाट, आणि खेचर घेतलंत तर थेट दारापर्यंत. तिन्ही खोटं. मी दर महिन्याला सह्याद्रीत चढते, राजगडाला धापत नाही. इथे अर्ध्या तासात छाती भात्यासारखी. चढ मोठा नाही, हवा पातळ आहे. आदल्या दिवशी विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी हे करायचं नाही. आम्ही तेच केलं.

खेचराचे ३०० बिर (बिर हे तिथलं चलन) ठरले. अर्ध्यावर पठार लागतं, शेतं आहेत, तिथवर ठीक. नंतर डोंगराच्या अंगाला घासून जाणारी वाट सुरू होते. डावीकडे कडा, उजवीकडे काही नाही, पायाखाली सुकी माती आणि घसारा. पावसानंतरचा निसरडा टप्पा आपल्याला माहीत असतो. इथे कोरड्यातच दर तीन पावलांना एक पाय सरकतो. माझं खेचर दरीच्या काठाकाठानेच चालायचं, त्याला म्हणे तीच बाजू आवडते. मी उतरले. खेचरवाला म्हणाला, "चिग्गर येल्लेम." काही अडचण नाही. दोन दिवसांत मला कळलं की हे शब्द अडचण असली तरच ऐकू येतात.

शेवटी खडकात एक चीर आहे, खांदे तिरके करून जावं लागतं एवढी, आणि आत पायऱ्या, शेकडो वर्षांच्या अनवाणी पायांनी काचेसारख्या गुळगुळीत केलेल्या. हाताला धरायला काही नाही. चढताना मी चवड्यावर गेले. उतरताना सरळ बसले आणि एकेक पायरी ढुंगणाने उतरले, मागून पासष्टीची एक आजी पांढरी नेतेला (तिथली सुती ओढणी) डोक्यावरून घेऊन, हातात काठी, माझ्यासाठी थांबून राहिली. खेचर चिरेच्या खूप खालीच थांबलं होतं, आणि खाली आल्यावर ३०० चे ५०० झाले. का? 'वर थांबला म्हणून.' वर थांबलाच नव्हता. घासाघीस करायला अंगात त्राण नव्हतं, दिले. तुम्ही देऊ नका. भाव कागदावर लिहून घ्या, कुठपर्यंत तेही लिहा. चर्चचं तिकीट वेगळं लागतं, ते ५० डॉलरात नाही.

वरचं चर्च लहान, साधं. पुजाऱ्याने क्रॉस बाहेर आणून दाखवला, फोटोसाठी काळा चष्मा चढवला. नजारा सुंदर. एवढ्यासाठी जाऊ नका.

त्यापेक्षा येम्रेहाना क्रिस्तोसला जा. गावापासून चाळीसेक किलोमीटर, रस्ता खडखडाटी, गाडीचे पैसे बरेच, तरीही जा. येम्रेहाना हा लालिबेलाच्या आधीचा राजा, राजा आणि पुजारी दोन्ही. एका प्रचंड गुहेच्या पोटात त्याचं चर्च उभं आहे, कोरलेलं नाही, बांधलेलं: लाकडाचा थर, पांढऱ्या गिलाव्याचा थर, पुन्हा लाकूड. मागे अंधारात वाळलेल्या मृतदेहांचा ढीग, यात्रेकरूंचे म्हणतात. युरोपात शतकानुशतकं एका ख्रिस्ती पुजारी-राजाच्या दंतकथा फिरत होत्या आणि पोर्तुगीज त्याला शोधत फिरले. त्यांच्यातलाच पाद्री फ्रान्सिस्को आल्वारिश, हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज गव्हर्नराच्या आरमारासोबत १५२० मध्ये तांबड्या समुद्रावरच्या मस्सावा बंदरात उतरलेला. लालिबेलाची चर्च पाहून त्याने लिहिलं, की आणखी लिहायचा कंटाळा येतो कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. मग जे लिहिलं ते खरं असल्याची देवाची शपथ घेतली. त्या गुहेत बसल्यावर मला त्याचा राग येईना.

नाअकुतो लाअबच्या गुहेत अर्धा दिवस गेला, छान गेला.

बेत गिओर्गिस फोटोत आहे तसंच आहे. क्रॉसच्या आकाराचं, खड्ड्यात उभं, उंची साधारण १२ मीटर. वेरूळचा कैलास याच्या दुपटीहून उंच आहे, तेव्हा आकाराने दिपून जाल असं नाही. पण पहाटे सहाला जा. कैलासात आपण बघायला जातो. इथे खाली चरात पांढरे पंचे पांघरलेली माणसं भिंतीला कपाळ टेकून उभी असतात आणि तुम्ही वाटेत येता.

जेवणाचं विचाराल तर शाकाहाऱ्यांची चैन आहे. बुधवार-शुक्रवार उपास, त्या दिवशी दूधतूपसुद्धा नाही, 'त्सोम' म्हटलं की भाज्यांचं ताट येतं. इंजेरा म्हणजे आंबट मोठी आंबोळी आणि शिरो म्हणजे चक्क पिठलं. वेळ विचारताना सांभाळा, त्यांचं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं, 'दोन वाजता गाडी' म्हणजे आपले आठ. आमची गाडी अशीच एकदा गेली. आणि पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातूनच. ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना मुंबई विमानतळावर अडकाल.

पुरुषांपैकी कोणी गेलंच तर गोलगोथात नीट बघून या. समाधी नेमकी कुठल्या बाजूला, वर काय आहे, नुसता दगड की कापड. गालिच्याचं मला कळलंय.