सफरचंद आधी, दालचिनी मागून

शरद ऋतूत बाजारात नवी सफरचंदे आली की मी सफरचंदाच्या ब्रँडीचे एक कॉकटेल करते, आणि ते चाखणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हमखास विचारते की, दालचिनी-लवंगेचा वास तर येतो, पण ग्लासात त्या कुठेच दिसत नाहीत आणि जिभेला आधी सफरचंदच लागते, हे कसे जमते? तोंडी उत्तर देताना निम्मे सांगायचे राहून जाते. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात ब्रँडीपासूनच करावी लागेल, कारण मसाला किती घालायचा हे ती ठरवते. सफरचंदाचा रस आंबताना त्यातील साखर यीस्ट खाऊन टाकते आणि सायडर तयार होते. ही सायडर ऊर्ध्वपातनासाठी तापवली की मद्यार्क आणि सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर वर जातात; फळाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल मात्र मागे भांड्यातच राहते. म्हणजे बाटलीत जे येते त्याला सफरचंदाचा वास असतो, पण सफरचंदाची गोडी नसते आणि आंबटपणाही नसतो. कॉकटेलमध्ये आपण लिंबू आणि साखर घालतो ती चव वाढवण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते आपण फक्त फळाचे फळाला परत करत असतो. ही परतफेड नीट झाली की मसाल्याला फारसे काम उरत नाही.

दुसरी गोष्ट लाकडाची. फ्रान्समधील नॉर्मंडीची काल्वादोस ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली ब्रँडी. तिला १९४२ मध्ये संरक्षित नामाचा दर्जा मिळाला, म्हणजे नियमानुसार केलेल्या ब्रँडीलाच ते नाव लावता येते, आणि ती किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात मुरवावी लागते. त्यातील पेई दोज या भागात ती दोनदा ऊर्ध्वपातित करण्याचा नियम आहे, तर दोंफ्रोंते भागातल्या ब्रँडीत किमान ३० टक्के वाटा नाशपातीचा असतो आणि मुरवण्याची मुदत तीन वर्षांची असते. आता गंमत अशी की, भाजलेल्या ओकमधून ब्रँडीत व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन उतरते आणि थोडे युजेनॉलही उतरते, आणि युजेनॉल म्हणजेच लवंगेचा मुख्य वास. पिंपाने आपल्या आधीच चिमूटभर मसाला घातलेला असतो. म्हणून ब्रँडी जितकी जुनी, तितकी लवंग कमी, हा हिशेब मी पाळते. अमेरिकेत मिळणाऱ्या ॲपलजॅक या सफरचंदाच्याच मद्याची तऱ्हा निराळी आहे. हिवाळ्यात सायडर गोठू द्यायची आणि वरचा बर्फ काढून टाकून उरलेला अंश कडक करत न्यायचा, या ‘जॅकिंग’ नावाच्या जुन्या रीतीवरून तिला ते नाव पडले. आजच्या मिश्र ॲपलजॅकमध्ये वास नसलेला मद्यार्कही मिसळलेला असतो, त्यामुळे ती वापरायची असेल तर मी २० मिलिलिटर गढूळ, न गाळलेला सफरचंदाचा रस जास्तीचा घालते.

हे शहाणपण मला एक बाटली वाया घालवून आले. पहिल्या वर्षी मी मसाले थेट ब्रँडीत टाकले. दालचिनीचे चार तुकडे आणि मूठभर लवंगा घालून बाटली बंद करून ठेवली आणि तीन दिवसांनी मोठ्या उत्साहाने उघडली. मद्यार्क पाण्यापेक्षा कितीतरी भराभर सुगंधी तेले ओढून घेतो, आणि तेवढ्यावर न थांबता दालचिनीच्या सालीतला तुरटपणाही काढून आणतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हते. पहिल्या घोटाला जीभ बधिर झाली आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटले. त्यात नवल काहीच नव्हते, कारण दात भरताना वापरतात त्या एका मिश्रणात हेच युजेनॉल असते. ब्रँडीतले सफरचंद पार हरवले होते. दालचिनीची पूड थेट ग्लासात घालणे हा त्याहून वाईट मार्ग आहे. ती विरघळत नाही, ओली झाली की बुळबुळीत होते आणि तळाशी गाळ होऊन बसते.

म्हणून मसाल्याची जागा पाकात. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिलिलिटर पाणी मंद आचेवर ठेवावे, त्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि आल्याच्या चार-पाच पातळ चकत्या घालाव्यात. लवंगा चारच, आणि त्या मोजून घ्याव्यात. साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद करून झाकण ठेवावे. पाकाला तार येऊ द्यायची नाही. दहा मिनिटांनी लवंगा चमच्याने काढून टाकाव्यात आणि बाकीचे आणखी दहा मिनिटे राहू द्यावे, मग गाळून थंड करावे. दालचिनी शक्यतो पातळ, अनेक पदरांची, चुरडली तर सहज मोडणारी घ्यावी. जाड आणि कडक सालीची दालचिनी अधिक भडक असते, ती असेल तर एकच तुकडा पुरतो. आल्याऐवजी सुंठ घातली तर तिखटपणा वाढतो, कारण आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचे अधिक झणझणीत शोगाओल होते. चक्रीफूल मी घालत नाही. ते एकदा आत आले की दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही.

पुढचे काम दोन मिनिटांचे आहे. शेकरमध्ये ६० मिलिलिटर ब्रँडी, २० मिलिलिटर ताज्या लिंबाचा रस, १५ मिलिलिटर पाक आणि अँगोस्तुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) दोन शिंतोडे घालून, भरपूर बर्फासह बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवावे. या हलवण्यात बर्फाचे पाणी मिसळून पेय साधारण पाव हिश्श्याने वाढते, आणि ते पाणी हवेच असते. नेम चुकला असे समजून हात आखडता घेऊ नये. थंड केलेल्या ग्लासात बारीक गाळणीतून गाळावे आणि वरून जायफळ किसणीवर तीनदा फिरवावे. दिसणारा मसाला एवढाच, तोही नाकासाठी. दालचिनीची कांडी ग्लासात उभी करण्याची पद्धत छायाचित्रात शोभते. पिताना ती नाकाला लागते.

रात्री गारठा जास्त असेल तर हेच गरम करता येते. पाक तेवढाच, लिंबू निम्मे आणि ९० मिलिलिटर गरम पाणी घ्यावे, पण पाणी उकळते नसावे आणि ब्रँडी सर्वांत शेवटी ओतावी. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे फार तापलेल्या पाण्यातून त्याची वाफ नाकाला झोंबते आणि सफरचंदाचा वास कळण्याआधीच आपण मान मागे घेतो. आता हे पिऊन खरेच ऊब येते का, हा उपप्रश्नही ठरलेला असतो. जाणीव खरी असते, कारण आल्यातील जिंजेरॉल तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांनाच चेतवते आणि मद्यार्क त्या संवेदकांचा चेतण्याचा उंबरठा इतका खाली आणतो की आपल्याच शरीराचे तापमान त्यांना गरम भासते. शरीर मात्र तापत नाही. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता उलट बाहेर जाते. त्यामुळे अंगणात बसून गरम ग्लास हातात घेतलेल्यांना मी शाल काढू देत नाही.

उरलेला पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. गाळलेली दालचिनी मी धुऊन वाळवून ठेवते. पुढच्या खेपेला एक नवा तुकडा आणि एक जुना, असे तिचे आणखी एकदा भागते.