एका वाड्यात तीन किल्ले आणि न थांबणारा फॉर्म

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. काका म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या पेठेतल्या मंडळाचे सेक्रेटरी. दिवाळीतली किल्ले स्पर्धा तेच बघतात. "अगं, कोपऱ्यावरच्या वाड्याच्या तीन नोंदी आल्यात तुझ्या त्या फॉर्मात. तीन किल्ले बांधायला तिथं अंगण तरी आहे का?"

मी पुण्यात नोकरी करते, वेबसाइटी बनवायचीच. गेल्या वर्षापर्यंत स्पर्धेची नोंदणी वहीत व्हायची. यंदा मीच हौसेनं म्हटलं होतं, एका संध्याकाळचं काम आहे, मी फॉर्म करून देते. परीक्षक ती यादी हातात घेऊन दोन दिवसांत घरोघर फिरतात. एका घराच्या तीन नोंदी म्हणजे तीन क्रमांक, तीन चिठ्ठ्या आणि शेवटी काकांची चिडचिड.

मंडळाचा नियम साधा होता: एका मोबाइल नंबरावर एकच नोंद. त्यासाठी मी केलं होतं ते असं. नंबराच्या रकान्यातून बाहेर पडलं की मागच्या मागे सर्व्हरला विचारायचं, हा नंबर आधी आलाय का? उत्तर येईल ते एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडातल्या नाव दिलेल्या डबीत, ठेवायचं आणि फॉर्म पाठवताना तेवढंच बघायचं. व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत मी 'चालेल' अशी ठेवली होती. पाप तिथेच होतं, पण ते मला माझ्या लॅपटॉपवर दिसलं नाही, आणि का दिसलं नाही ते कळल्यावर मी स्वतःशीच हसले. नंबर हा शेवटचा रकाना. त्याच्यानंतर थेट बटण. माऊसचं बटण खाली दाबताना रकान्याचा फोकस, म्हणजे त्यातला कर्सर, सुटतो आणि बोट उचललं की क्लिक होतं. त्या मधल्या शंभरेक मिलिसेकंदांत लॅपटॉपवरच चालणारा सर्व्हर उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मोबाइलवर ही फट जवळजवळ नसतेच, आणि पेठेत रेंजही यथातथाच. उत्तर यायच्या आत फॉर्म गेलेला असायचा. शिवाय 'काहीच झालं नाही' म्हणून मुलांनी बटण पुन्हा दाबलेलं.

म्हणजे विचारणा फॉर्म पाठवतानाच करायला हवी. मी ती सबमिटच्या हँडलरमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हलवली. फेच करायचं, म्हणजे पान न बदलता सर्व्हरला विनंती पाठवायची, उत्तर आलं की बघायचं, नंबर आधीचा असेल तर 'रिटर्न फॉल्स', म्हणजे 'नाही' असं परत द्यायचं. पूर्वी कधीतरी शिकलेलं, की हँडलरनं फॉल्स परत दिलं तर फॉर्म जात नाही. पण मी फॉल्स परत देत होते ते आतल्या कॉलबॅकमधून, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून. बाहेरचं फंक्शन तर केव्हाच संपलेलं, ब्राउझरनं फॉर्म उचलून पाठवलेला. डेव्हलपर टूल्समधली नेटवर्कची यादी उघडली तर माझी विचारणा लाल अक्षरांत, रद्द झालेली. पान दुसरीकडे निघालं की अर्ध्यावरच्या विनंत्या ब्राउझर सोडून देतो. हे दिसण्यासाठी यादी पुसू नये अशी खूण आधी करून ठेवावी लागते, नाहीतर नव्या पानाबरोबर पुरावाच जातो. मला ते अर्ध्या तासानं आठवलं.

मग मी आळशी मार्ग धरला. सर्व्हरला विचारायची जुनी सोय म्हणजे एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, तिला 'असिंक्रोनस नको', म्हणजे उत्तर येईपर्यंत तिथेच थांब, असं सांगता येतं. ही वस्तू मायक्रोसॉफ्टनं 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 बरोबर आणली, 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला एजॅक्स हे नाव दिलं आणि मग सगळ्यांच्या तोंडी ते बसलं. नावातला पहिला 'ए' असिंक्रोनसचाच, आणि मी तोच काढून टाकत होते. चाललं मात्र लगेच! उत्तर येईपर्यंत कोड त्या ओळीवर थांबायचा, मग फॉल्स बरोबर जागेवरून जायचं. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, ब्राउझर कुरकुरत होता की मुख्य थ्रेडवर, म्हणजे पानाची कामं एकामागून एक करणाऱ्या धाग्यावर, असं करणं आता योग्य मानलं जात नाही, मी दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बटण मेलंय. दाबलं तरी हलत नाही." मेलं नव्हतं, गोठलं होतं. पानावरचं बहुतेक सगळं, म्हणजे टाइपिंग, बटणाचा रंग बदलणं, जावास्क्रिप्टच्या त्याच एका थ्रेडवर अवलंबून. तो सर्व्हरची वाट बघत बसला की माणसाला पान बंद पडल्यासारखं वाटतं आणि माणूस काय करतो, तर पुन्हा दाबतो. ते टॅप रांगेत साठतात आणि पान सुटलं की एकामागून एक लागू होतात. दुबार नोंदी थांबवायला निघाले होते, त्यांना रांगेची सोय करून दिली.

तिसऱ्या रात्री मी 'असिंक' आणि 'अवेट' हे उत्तराची वाट बघायला लावणारे शब्द घेऊन बसले. दिसायला कोड किती सरळ झाला! अवेट करून उत्तर घ्यायचं, खाली साधं इफ, त्यात रिटर्न फॉल्स. आता तर कॉलबॅकही नाही. तरीही फॉर्म गेला. या ठिकाणी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

असिंक फंक्शन पहिल्या अवेटपाशी पोचलं की बोलावणाऱ्याला ताबडतोब एक प्रॉमिस परत देतं. 'उत्तर नंतर देईन' अशी चिठ्ठी. ब्राउझरला हवं असतं फॉल्स, त्याच्या हातात पडते ही चिठ्ठी. तो ती उघडून बघत नाही, त्याच्या दृष्टीनं ते फॉल्स नाही, एवढंच पुरे. मग मी फॉल्सऐवजी 'प्रिव्हेंटडिफॉल्ट', म्हणजे ब्राउझरला 'तुझं नेहमीचं करू नको' असं सांगणं, लावलं, तेही अवेटच्या खाली. तेही वाया. इव्हेंट, म्हणजे 'फॉर्म निघतोय' ही वर्दी, सगळ्या हँडलरांकडून फिरून झाला की फॉर्म पाठवायचा की नाही हे ब्राउझर जागच्या जागी ठरवून टाकतो. नंतर कितीही 'थांब' म्हणा, एसटी स्टँडातून निघालेली असते. कंडक्टरला हात करायचा तर दार लागायच्या आत.

म्हणून प्रिव्हेंटडिफॉल्ट हँडलरच्या पहिल्या ओळीत. कोणतीही अट न घालता. आधी फॉर्म थांबवायचा, मग सावकाश सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर बरं आलं तर आपण स्वतः पाठवायचा. उलटा विचार आहे. मी 'चुकलं तर थांबव' असं लिहीत होते, लिहायला हवं होतं 'थांबव, आणि बरोबर असेल तर सोड'.

सोडायचं कसं, यात आणखी एक रात्र गेली. फॉर्मची सबमिट ही मेथड, म्हणजे त्याचं स्वतःचं फंक्शन, बोलावली, तर कन्सोल म्हणालं, हे फंक्शनच नाही. का? तर मी बटणालाच 'सबमिट' असं नाव दिलं होतं. फॉर्ममधल्या घटकांची नावं फॉर्मवर थेट चिकटतात, त्यामुळे मेथड झाकली गेली आणि तिच्या जागी बटण आलं. नाव बदललं, फॉर्म गेला. पण माझ्याकडे बटणं दोन होती, 'नोंद करा' आणि 'नोंद रद्द करा'. कोणतं दाबलं हे सर्व्हरला बटणाच्या किमतीवरून कळायचं. सबमिट मेथडनं पाठवलं की बटणाची किंमत जातच नाही, कारण तिच्या हिशेबी कुणी बटण दाबलेलंच नसतं. ती सबमिटचा इव्हेंटही उठवत नाही, रकान्यांची तपासणीही करत नाही.

त्यापेक्षा 'रिक्वेस्टसबमिट' बरी. ती बटण दाबल्यासारखीच वागते, तपासणी करते, कोणतं बटण ते सांगता येतं. सफारीत ती 16 व्या आवृत्तीत, 2022 मध्ये आली, त्यामुळे जुन्या आयफोनांची काळजी घ्यावी लागते. पण ती खरोखरच बटण दाबल्यासारखी वागते, म्हणजे सबमिटचा इव्हेंट पुन्हा उठतो, माझा हँडलर पुन्हा फॉर्म थांबवतो, पुन्हा सर्व्हरला विचारतो, पुन्हा रिक्वेस्टसबमिट... सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच नंबराची विचारणा ओळीमागून ओळ सरकताना पाहिली आणि टॅब बंद केला. 'तपासून झालंय' अशी खूण ठेवून ते सुटलं.

चाललं एकदाचं. आणि नेमकं तेव्हा ऑफिसमधल्या आमच्या सीनियरनं चहाच्या टपरीवर विचारलं, "पण तू दोनदा का जातेस सर्व्हरकडे? आधी विचारायला आणि मग सांगायला?"

मी म्हटलं, नंबर आधीचा आहे का बघायला नको का?

"बघायलाच हवं. पण तू विचारलंस, तो 'नाही' म्हणाला आणि तू नोंद पाठवेपर्यंत मध्ये दुसऱ्या कुणी तोच नंबर टाकला तर?"

चहा गार झाला. चार रात्री मी ब्राउझरला एका उत्तरासाठी थांबायला शिकवत होते आणि ते उत्तर हातात येईतो शिळं होऊ शकत होतं. तपासणी आणि नोंद एकाच जागी, एकाच वेळी व्हायला हवी, आणि ती जागा म्हणजे डेटाबेस. तिथे नंबराच्या कॉलमवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच किंमत दोनदा न घेण्याची अट, लावला की दोन फोन एकाच क्षणी आले तरी एकच आत जातो. दुसऱ्याला सर्व्हर 409, म्हणजे 'आधीच्याशी टक्कर', हा कोड देतो आणि मी रकान्याखाली लिहिते, 'या नंबरावर नोंद झालेली आहे'. आधीची विचारणा, ती खूण, रिक्वेस्टसबमिट, सगळं पुसलं. प्रिव्हेंटडिफॉल्ट पहिल्या ओळीत तेवढं राहिलं आणि फॉर्म मीच फेचनं पाठवू लागले.

पुढचं भराभर झालं, ठेचा लागल्या त्या वेगळ्या. दुबार दाबणं टाळायला मी सगळे रकाने असलेला फील्डसेट बंद केला आणि मग फॉर्मडेटा, म्हणजे रकान्यांतली माहिती, गोळा केला. बंद असलेले रकाने फॉर्मडेटात येत नाहीत. मंडळाच्या यादीत एक नोंद पडली: नाव नाही, पत्ता नाही, किल्ला नाही. काकांनी विचारलं, "हा अदृश्य किल्ला कुणाचा?" क्रम बदलला, आधी गोळा करायचं मग बंद करायचं, आणि रिकाम्या रकान्यांची तपासणी सर्व्हरवरही ठेवली, जी मी ब्राउझरच्या भरवशावर सोडली होती. दुसरं, फेच फक्त नेटवर्कच तुटलं तर चूक म्हणतो. सर्व्हर 500, म्हणजे 'माझ्याकडेच बिघाड', म्हणून कोसळला तरी त्याच्या लेखी उत्तर आलेलं असतं. मी उत्तरातलं 'ओके' न बघता 'अभिनंदन, नोंद झाली' दाखवत होते. तिसरं, बटण पुन्हा चालू करायची ओळ 'फायनली'त, म्हणजे चूक आली तरी चालणाऱ्या भागात, हवी. नाहीतर एकदा चूक आली की पान पुन्हा उघडेपर्यंत बटण बंदच.

वेळेच्या मर्यादेचं मात्र थोडं नाजूक होतं. पंधरा सेकंदांत उत्तर नाही आलं तर अ‍ॅबॉर्टकंट्रोलरनं विनंती सोडून द्यायची आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. पण आपण वाट बघणं सोडलं म्हणून सर्व्हरनं नोंद केलीच नसेल असं नाही. नोंद झाली असेल, उत्तरच वाटेत हरवलं असेल. मग पुन्हा दाबणाऱ्याला 'या नंबरावर नोंद झालेली आहे' असं ऐकू येणार आणि तो काकांना फोन करणार की माझा नंबर कुणी वापरला. म्हणून पान उघडतानाच एक यादृच्छिक ओळखक्रमांक तयार करून तो प्रत्येक प्रयत्नाबरोबर पाठवायला लागले. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हर नवी नोंद करत नाही, तक्रारही करत नाही, पहिल्या वेळचंच उत्तर पुन्हा देतो. ब्राउझरमध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून मी वीस-पंचवीस वेळा बटण बडवलं. नोंद एकच.

त्या समाधानात काकांना फोन लावला. म्हटलं, आता एका नंबरावर दुसरी नोंद जाणंच शक्य नाही.

"अगं पण त्या वाड्यातली पोरं रडायला लागलीत," काका म्हणाले. "आजोबांचा फोन एकच, नातवंडांचे किल्ले दोन. एकाचा पुढच्या अंगणात, एकीचा परसात. अळीव पण पेरून झालाय."

मी त्या तीन नोंदी उघडून पाहिल्या. पहिल्यांदाच, खरं सांगायचं तर. दोन होत्या राजगडच्या, अक्षर न अक्षर सारख्या, चार सेकंदांच्या अंतरानं. तिसरी सिंधुदुर्गाची होती, दुसऱ्या मुलीच्या नावानं, दुसऱ्या दिवशी सकाळी आलेली. तीच मी दुबार समजून पुसायला सांगणार होते. एकच फॉर्म दोनदा येणं वेगळं आणि एका घरातून दोन फॉर्म येणं वेगळं, हे माझ्या इंडेक्सला कसं कळणार, मलाच कळलं नव्हतं. फोन चालू असतानाच इंडेक्स बदलला: नंबर आणि किल्ल्याचं नाव, दोन्ही मिळून.

"झालं काका. आता एका नंबरावर दोन वेगळे किल्ले चालतील."

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "आणि दोघांनी राजगडच केला तर?"