पांढऱ्या काठाच्या मोराची फाइल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. ऑर्डरच्या यादीतली जकार्डची (विणतानाच उमटणाऱ्या नक्षीची) डिझाइनं फोल्डरमधून शोधून देणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम मी त्यांना लिहून दिला. माझ्या लिनक्सवर तो नीट चालायचा. कारखान्यातल्या विंडोजवर पाथ, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता, बदलून टाकला आणि एकही फाइल उघडेना.

एररमध्ये पाथ अगदी बरोबर दिसत होता. प्रिंट करून पाहिला तेव्हा कळलं. डी ड्राइव्हवर इंग्रजीत 'टॉवेल' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'न्यू'. विंडोजच्या पाथमध्ये अशा नावांआधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरकी रेघ, येते. बॅकस्लॅशपुढे टी आला की पायथन त्याला टॅब समजतं, एन आला की नवी ओळ. माझा पाथ मधूनच तुटून दोन ओळींत पसरला होता.

ही उलटी रेघ आली कुठून? विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची सिस्टिम म्हणजे एमएस-डॉस. तिच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि साधी तिरकी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. १९८३ मध्ये २.० आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा बॅकस्लॅश घ्यावा लागला. लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्समध्ये मात्र पहिल्यापासून साधी रेघ.

मी सगळे पाथ पाथलिबमध्ये, म्हणजे पाथ हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत, आणले. पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं. फोल्डर आणि फाइलचं नाव वेगवेगळं द्यायचं, रेघ कुठली ते तेच बघतं. पाथचे तुकडे हाताने जोडणं मी तेव्हापासून बंद केलं.

महिनाभराने मामांचा फोन. "मोराची फाइल समोर दिसतीय की रे, मग सापडत का नाही?"

डिझाइनं आता लिनक्स सर्व्हरवर होती. 'पांढऱ्या काठाचा मोर' ही फाइल मामेभावाच्या जुन्या मॅकवरून आली होती. यादीतलं नाव आणि फाइलचं नाव मी दहा वेळा ताडून पाहिलं, काना-मात्रेचाही फरक नाही. शेवटी एकेक अक्षराचा कोड छापला. यादीतला 'ऱ' एकच अक्षर होता. फाइलच्या नावात मात्र 'र' वेगळा आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) वेगळा! मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं अशी फोडूनच साठवते. लिनक्स फक्त बाइट बघतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

पांढऱ्या, कोऱ्या, दुसऱ्या... आपल्या भाषेत हा 'ऱ' पावलोपावली येतो. इंग्रजी नावांवर चाचणी केली असती तर ही चूक कधीच दिसली नसती.

आता दोन्हीकडची नावं एनएफसी रूपात, म्हणजे 'र' आणि नुक्ता जोडून एकच 'ऱ' होतो त्या रूपात, आणूनच ताडतो. त्या संध्याकाळी मोर मागावर चढला.